भूतबंगल्याची वास्तुशांत

"आधी माणसाला निवांत करायचं, गाफील ठेवायचं आणि मग दचकवायचं! थीम पार्कातला कुठलाही भारी खेळ घ्या, तो याच्यावरच चालतो. आणि घाबरवणाऱ्यानं स्वतः कशालाच घाबरायचं नसतं!"

हे व्याख्यान विश्वजितनं बजाजनगरातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर दिलं होतं. वाळूजच्या कंपनीतली पक्की नोकरी सोडून त्यानं गंगापूर रस्त्यावरच्या नव्या पार्कात भूतबंगला उभारला होता. उसाचं वावर मोडून पार्क काढणाऱ्या साहेबरावांची अट एकच.

"पहिल्याच दिवशी किंकाळी ऐकू आली पायजे. नाय आली, तर बंगला पाडून रसवंती टाकतो!"

उद्घाटनाच्या सकाळी विश्वजित पोचला, तर कवटीच्या आकाराच्या दाराला आंब्याचं तोरण! आत होम पेटलेला!

"अण्णा, हे काय?" त्यानं साहेबरावांना विचारलं.

"वास्तुशांत. नवी वास्तू हाय, तशीच कशी वापरायची?"

"अहो, पण हा भूतबंगला आहे!"

"म्हनून तर गुरुजीला म्हनलं, दोन मंत्र जास्तीचे म्हना."

"एकही भूत शिल्लक राहणार नाही, निश्चिंत असा," श्रीनिवास गुरुजींनी होमात तूप सोडत खात्री दिली. विश्वजितनं कपाळावर हात मारून घेतला.

मग साहेबरावांचे पाहुणे आले. कुणी सांगाड्याच्या हाताला पिशवी अडकवली, कुणी शवपेटीवर पत्रावळ्यांचा गठ्ठा ठेवला. शेवटी विश्वजितनं भुताचं काम करणाऱ्या माऊली नावाच्या पोराला खूण केली. माऊली पांढऱ्या झग्यात "हूऽऽ!" करत पाहुण्यांना आहेर वाटणाऱ्या मुक्ताबाई आजींच्या अंगावर धावला.

"अगं बाई, ह्याला टोपी-टॉवेल द्यायचा राह्यलाच की!" म्हणत आजींनी त्याला कुंकू लावलं. भूत टोपी घालून बाहेर आलं, हातात लाडू.

"अरे, पळालास का?" विश्वजित ओरडला.

"दादा, आहेर केल्यावर कसं भेवडवायचं?"

दुपार झाली. बाहेर रांग होती, पण जेवणाची! साहेबराव रसवंतीची जागा पावलांनी मोजायला लागले. नोकरी गेली, आता बंगलाही जाणार म्हणून विश्वजित रडकुंडीला आला.

तेवढ्यात आतून किंकाळी आली. "आई गंऽऽ मेले!"

सगळे आत धावले. साहेबरावांच्या सौभाग्यवती मनकर्णाबाई शवपेटीवर चढून थयथयाट करत होत्या. होमाच्या धुरानं हैराण झालेली एक पाल छतावरून थेट त्यांच्या खांद्यावर पडली होती! बायका ओरडत बाहेर पळाल्या. तो गोंधळ ऐकून जेवणाची रांग मोडून लोक तिकिटाच्या खिडकीवर जाऊन धडकले.

साहेबरावांनी विश्वजितला मिठीच मारली. "तू म्हनला तसंच झालं, इंजिनेर! आधी निवांत, मग दचकवलं! बंगला ऱ्हातो. फकस्त रोज पाच-सहा पाली धरून आत सोडायच्या. ही घे पहिली, म्या द्रोणाखाली धरून ठिवलीय."

आणि त्यांनी द्रोण विश्वजितच्या तळहातावर पालथा केला.

त्या दिवसाची दुसरी किंकाळी पहिलीपेक्षा बरीच लांबवर ऐकू गेली.