विजाईचा तेराचा पाना

“व्याही, आता सांगतो ते तुमाला खरं वाटणार न्हाई,” ओसरीवर मांडी घालता घालता उकंडराव म्हणाले. “आजवर कोणालाच वाटलं न्हाई. पण त्याला माझा इलाज न्हाई. घडलं ते घडलं.”

कळमनुरीचे वैजनाथराव, म्हणजे लेकीचे सासरे, सकाळीच आले होते. येता येता त्यांना माळावरचा उंच लोखंडी खांब दिसला, खांबाच्या पायथ्याशी शेंदराचं ठाण दिसलं आणि ऐन वैशाखात तिथं साचलेला चिखलही दिसला. “वर देवी कोणती हो? आन् या उन्हाळ्यात एवढं पाणी कोण घालून राहिलं?” एवढंच त्यांनी विचारलं होतं. आत उकंडरावांच्या पत्नी आशाबाई धपाटे थापत होत्या. उकंडरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एक नजर टाकली, आवाज जरा खाली आणला आणि सुरुवात केली.

माळ उकंडरावांचा. पुसेगावच्या अलीकडं, नुसता मुरूम. तिथं कुसळसुद्धा विचार करून उगवतं. पण उंच आहे. म्हणून हिंगोलीच्या हौशी वायरलेसवाल्या मंडळींनी तिथं रिपीटर बसवायचं ठरवलं. पूर आला, आग लागली, फोन बंद पडले, तरी निरोप पोचावा म्हणून. मंडळींचे इंजिनियर विजयकुमार घरी आले तेव्हा आशाबाईंनी चहा पुढं केला आणि विचारलं, “रिपीटर म्हंजे दहावीला नापास होऊन पुन्हा बसलेलं पोरगं ना? त्याला माळावर काहून बसवता उन्हातान्हात?”

“तसं नाही, काकू. दुरून आलेला बारीक आवाज हे मशीन ऐकतं आणि मोठा करून चहूकडं पुन्हा सांगतं.”

“अस्सं,” आशाबाई म्हणाल्या. “मंग मशीन कशाला आणता? यांनाच बसवा की वर.”

उकंडराव राखणदार झाले. मंडळींनी त्यांना ऐकण्यापुरता एक वॉकीटॉकी दिला. त्यातून बोलायची परवानगी नव्हती, पण कमरेला लावायची होती. तो लावून उकंडराव जवळा बाजारच्या आठवडी बाजारात चार फेऱ्या मारत. घरीसुद्धा बोलणं बदललं. “आशे, चहा टाक. ओव्हर.” “गाय सुटली बघ. ओव्हर.”

या सगळ्या मिजाशीला कारण होतं, आणि त्याचं नाव सटवाजी. सटवाजी म्हणजे उकंडरावांचा साडू, आशाबाईंच्या थोरल्या बहिणीचा मालक, शेजारच्याच गावचा. उकंडरावांनी बैल घेतले की सटवाजी ट्रॅक्टर घेणार. यांनी विहीर खोदली की तो बोअर पाडणार, आणि त्या बोअरला पाणीही लागणार. आयुष्यात पहिल्यांदा उकंडरावांकडं अशी एक वस्तू आली, जी सटवाजीला पैसे टाकूनही मिळत नव्हती.

आणि नेमकं तेच मशीन जळालं. पहिल्याच अवकाळीत खांबावर वीज पडली आणि पेटीचा कोळसा झाला. दुसरं मशीन आलं, तेही पुढच्या उन्हाळ्यात गेलं. विजयकुमार तिसरं घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“काका, मंडळी वैतागलीत. हेही जळालं तर खांब उचलून सटवाजीरावांच्या रानात न्यायचा, असं ठरलंय. त्यांची काळी जमीन, ओल धरते.”

उकंडरावांच्या तोंडातलं पान तिथंच थांबलं. “सटवाजीच्या?”

“त्यांनी अर्जसुद्धा दिलाय.”

मग विजयकुमारांनी खांबाच्या पायथ्याशी पुरुषभर खड्डा खोदला. त्यात तांब्याची पाटी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा भरला, आणि पाटीपासून खांबाच्या टोकावरच्या सुळ्यापर्यंत तांब्याची रुंद पट्टी नेली. खांबाची, केबलची, मशीनच्या पेटीची, सगळ्यांची जोडणी त्याच एका पट्टीला. “सगळे एकाच पंगतीला बसले पाहिजेत, काका. एक इकडं आणि एक तिकडं बसला की वीज मधल्याला भाजते. वीज म्हणजे घाईतला पाहुणा. तिला सरळ रस्ता दिला की ती बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरते. नाही दिला की घरात शिरते.”

“मंग झालं की काम.”

“नाही ना. मुरूम कोरडा पडला की रस्ता बंद. खड्डा कायम ओला पाहिजे. रोज दोन घागरी पाणी टाकायचं. अधूनमधून मीठ, कोळसा.”

“रोज?”

“रोज.”

विहीर खाली, माळ वर. उकंडरावांनी दोन घागरी एकदा वर नेल्या. दुसऱ्या दिवशी एकच नेली, तीही वाटेत हिंदकळून निम्मी झाली. तिसऱ्या दिवशी ते रिकाम्या हातानं वर गेले, खड्ड्याजवळ उकिडवे बसले आणि विचार करू लागले. विचार करताना त्यांना आठवलं की आपल्या गावात माणसाला प्यायला पाणी मागितलं तर बाया दहा कारणं सांगतात, पण उन्हाळ्यात देवाला पाणी घालायचं म्हटलं की पहाटेच्या अंधारात तांबे घेऊन रांग लावतात.

ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा खड्ड्यावर आला. त्याला शेंदूर लागला. आणि उकंडराव थेट शकुंतलाबाईंच्या दारात गेले, कारण शकुंतलाबाईंना सांगितलेली गोष्ट कुठल्याही मशीनपेक्षा जल्दी पोचते.

“वैनी, कोणाला सांगू नका. माळावर विजाई परगटली.”

“विजाई? ही कोणती?”

“इजेची आई. लई कडक. तिला फक्त पाणी चालतं. अंगावर मोस, चामखीळ असंल तर मिठाचा नवस. आन् लेकराला दिष्ट लागली तर कोळसा उतरवून वाह्यचा. बाकी काई मागत न्हाई, गरीब हाय.”

दुसऱ्या दिवशी माळावर तांबे लागले. आठवड्यात घागरी आल्या. गावातल्या बाया आल्या, तांड्यावरून अनुसयाबाई आपल्या सुनांना घेऊन आल्या. एकाचा चामखीळ गळून पडला. तो कुणी पाहिला नाही, पण गळाला याबद्दल दुमत नव्हतं. मिठाचे पुडे पडू लागले. तालुक्यात जेवढ्या लेकरांना दृष्ट लागली, तेवढ्यांचा कोळसा माळावर आला. नारळ तर न सांगता आले.

एकट्या किसनसिंगनं ओळखलं. तांड्यावरचा किसनसिंग म्हणजे मुरलेला माणूस. तो विजाईसमोर बराच वेळ हात जोडून उभा राहिला, मग म्हणाला, “उकंडराव, देवी तर वळखीची वाटून राहिली.”

“देवी समद्यांच्याच वळखीची असती.”

“तसं न्हाई. मागल्या पंधरवड्यात तुमी न् तो इंजिनियर याच भोकात मिठाचं पोतं रिकामं करून राहिलते.”

उकंडरावांनी इकडंतिकडं पाहिलं. “मंग?”

“मंग काई न्हाई. जय विजाई. नारळ निम्मे निम्मे.”

विजयकुमार तपासणीला आले. त्यांनी मीटर लावला, काटा पाहिला, मीटर आपटला आणि पुन्हा लावला. “काका! असं अर्थिंग मी उभ्या जिल्ह्यात पाहिलं नाही. हे केलं कसं?” मग त्यांची नजर शेंदराकडं, बांगड्यांकडं, मिठाच्या ढिगाकडं गेली. “आणि हे काय?”

“ओलावा,” उकंडराव म्हणाले.

इथवर सगळं बराबर चाललं होतं. पण ज्या देवीला नारळ येतात, तिची खबर साडूलाही जातेच. एका मंगळवारी सटवाजी ट्रॅक्टर घेऊन आला. माळावर ही गर्दी. त्यानं नारळ फोडला, नमस्कार केला, आणि नमस्कार करून उठताना त्याला पट्टी दिसली. पट्टीवरून नजर खांबावर गेली, खांबावरून उकंडरावांच्या कमरेच्या वॉकीटॉकीवर आली आणि तिथंच टिकली.

“आरं आरं आरं,” सटवाजी मोठ्यानं म्हणाला. “उकंड्या, देवीला पट्ट्यानं बांधून ठेवलं व्हय? माय हाय का म्हैस हाय ती?”

गर्दीत कुजबूज झाली. खरंच की. पट्टी विजाईच्या बुडातून निघत होती आणि खांबाला बोल्टानं आवळलेली होती. इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

“म्हनूनच कोपून राहिली ती! म्हनूनच दोन मशिनं जाळली!” सटवाजीला आता जोर चढला. “सोडवा मायला! हा खांबच नको तिच्या डोक्यावर. मी नेतो माझ्या रानात. मला काही तकलीफ न्हाई. उकंड्या, पाना दे.”

“पाना?”

“का, देवी बांधूनच ठेवायची हाय तुला?”

साठ-सत्तर माणसं उकंडरावांकडं बघत होती. हे अर्थिंग आहे असं सांगावं, तर देवी खोटी पडते, आणि पाण्याच्या घागरी वाहून कंबर धरलेल्या बाया त्याच घागरी उकंडरावांच्या डोक्यात घालतात. गप्प राहावं, तर पट्टी सुटते. उकंडरावांनी आपल्याच हातानं अवजारांच्या पेटीतला तेराचा पाना काढून दिला. सटवाजीनं बोल्ट सोडला, पट्टी खळ्ळकन खाली पडली आणि लोकांनी “विजाई माते की जय” केलं.

त्या जयजयकाराला औंढ्याच्या बाजूनं उत्तर आलं. गुडुडुडु. सगळ्यांनी वळून पाहिलं. आभाळ तिकडून काळं होऊन येत होतं.

मशीन चालू होतं, पट्टी सुटलेली होती, वर ढग चढत होते. तिसरं मशीन आज गेलं की खांब उद्या सटवाजीच्या रानात. उकंडरावांना ते सगळं स्पष्ट दिसलं. सटवाजीच्या कमरेचा वॉकीटॉकीसुद्धा दिसला.

इथं उकंडराव थांबले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. वैजनाथराव पुढं सरकले. “मंग?”

“मंग काय, व्याही. माझ्या अंगात आली!”

अंग थरथरलं, पटका उडाला, डोळे फिरले. गर्दी मागं हटली. किसनसिंगनं पुढं होऊन खणखणीत विचारलं, “माय, काय झालं? काहून कोपली?”

“माझी नाळ कोणी तोडली रे?” देवी गरजली. “आभाळाशी माझी नाळ जोडली होती, ती कोणी तोडली?”

सटवाजी पाना घेऊन दोन पावलं मागं सरकला.

“ज्यानं तोडली त्यानंच जोडायची! जल्दी! आदुगर पट्टी घासून घे, मळ काढ! नुसती गुंडाळू नको! वायसर टाक!”

“वायसर?” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“देवीला समदं ठाव असतं,” किसनसिंगनं दम दिला.

“आवळ! आणखी आवळ! पुरा दम लाव! हां, बास, न्हाईतर आटे जातील!” देवी म्हणाली. “आता समदे माळ उतरा! खांबाजवळ कोणी न्हाई, झाडाखाली कोणी न्हाई, सीधे शाळेच्या वऱ्हांड्यात! पळा!”

माळ रिकामा झाला. साठ-सत्तर माणसं शाळेच्या वऱ्हांड्यात दाटीवाटीनं उभी राहिली, आणि तेवढ्यात डोळे दिपले. वीज खांबाच्या सुळ्यावर पडली, असा आवाज झाला की शाळेची कौलं उठून बसली. पट्टी वरून खालपर्यंत पांढरीफेक झाली. विजाईच्या खड्ड्यातून वाफ निघाली. ठाणावरचे नारळ जागच्या जागी भाजले.

“भाजले?” वैजनाथराव म्हणाले.

“खोबरं काढून चटणी केली त्याची. नुस्तं मीठ घालायचं होतं, तेबी तिथंच होतं.”

पण खरी गोष्ट त्याच्या पुढं होती. मशीन राहिलं की गेलं? आणि उकंडरावांच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. हिंगोलीहून विजयकुमारांचा आवाज आला, माळावरच्या मशीनमधून होऊन, खणखणीत. “पुसेगाव साइट चालू दिसतेय. आवाज छान येतोय. ओव्हर.”

लोकांनी जयजयकार केला. बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. सटवाजीनं कान धरले, हात जोडले, अर्ज मागं घेतो म्हणाला, आणि पांढऱ्या चेहऱ्यानं ट्रॅक्टरकडं निघाला.

हे सांगताना उकंडरावांचं हसू आवरेना. त्यांनी मांडीवर थाप मारली. “पण पाना त्याच्या हातातच, व्याही! माझा पाना घेऊन निघाला गडी! देवी अजून अंगातून गेली नव्हती. तिनं तिथूनच आवाज दिला, ‘ओ दाजी, पाना ठेवून जा, घरचा हाय!’”

वैजनाथरावही खो-खो हसले. हसता हसता त्यांचं हसू एकाएकी थांबलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, मग उकंडरावांकडं पाहिलं.

“थांबा, थांबा. सटवाजी तुमचा तर साडू. त्याला दाजी म्हननारं या घरात एकच माणूस हाय, न् ते आत धपाटे थापून राहिलं. मंग अंगात आलं तवा तुमी कुठं होता, व्याही?”