बॉनेटखालचा खोकला

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी गाडीच्या एकाही नटाला हात लावला नव्हता. मी फक्त जीभ टाळूला लावून टक् टक् टक् असा आवाज काढला आणि मोबाइलवर रेकॉर्ड केला. आता तेवढ्यावरून तीन मोठी माणसं अख्खं इंजिन उघडून बसली, तर त्यात माझी चूक किती आणि त्यांची किती, ते तुम्हीच ठरवा.

आमच्याकडे एक गाडी आहे. वयाने माझ्यापेक्षा मोठी. बाबा तिला राणी म्हणतात, आई तिला सवत म्हणते. बाबा आठवडाभर वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत बसून लोकांची बोलणी खातात आणि रविवारी सकाळी गॅरेजमध्ये राणीचं बॉनेट उघडलं की सगळं विसरतात. त्यांना साथ द्यायला दोघं येतात. एक दातांचे डॉक्टर. हे इंजिनाकडेही 'आ करा' अशाच नजरेने बघतात. दुसरे समोरचे टेलरकाका, ज्यांना अख्खी गल्ली पिटस्टॉप म्हणते. टीव्हीवर रेस लागली की मधे थांबलेल्या गाडीची चाकं किती झटपट बदलली, हे ते गळ्यातलं स्टॉपवॉच दाबून मोजतात आणि 'ढिले पडले लेकाचे' म्हणतात. (माझी शाळेची पँट त्यांच्याकडे टाकली तेव्हा ती फुल होती. शिवून आली तोवर मी इतका वाढलो होतो की ती हाफ झाली.)

हे तिघं एकत्र आले की काय बोलतात, हे मला पाठ आहे. कुठल्या वळणावर कोणी ब्रेक उशिरा मारला. जुनी इंजिनं कशी गायची आणि नवी कशी मिक्सरसारखी घुरघुरतात. मधेच डॉक्टरांचं ब्लडप्रेशर, मधेच पिटस्टॉपच्या सुनेचा स्वभाव, की पुन्हा टायर. बाबांना तर घरातलं पण रेससारखंच दिसतं. आई चिडली की 'टायर तापलेत', भांडी घासायला लावली की 'पेनल्टी लागली'. आणि तिघांचा मिळून एक मोठा अभिमान आहे. इंजिन डोळ्यांनी बघायचं नसतं, कानांनी ऐकायचं असतं, आणि असे कान आता फक्त ह्या तिघांचेच उरलेत.

मी एकदा मधे तोंड घातलं. म्हटलं, राणी वळणावर झुकते, तिचे शॉकअप गेले असतील. बाबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "चिरंजीव, आधी नववी पास व्हा." डॉक्टर हसले, पिटस्टॉप जास्त हसले. (माझी नववीची दुसरी लॅप चालू आहे. टायर तेच, ट्रॅक तोच.)

मग मी ठरवलं, कानांची परीक्षा घ्यायची. शाळेत माझी इतक्या वेळा घेतात, मी एकदा घेतली तर काय बिघडलं.

मित्राकडून डबीएवढा ब्लूटूथ स्पीकर आणला. त्याच्या बुडाला लोहचुंबक होतं. तो राणीच्या बॉनेटखाली एकदम मागे, वायपरच्या मोटरच्या पाठीमागे चिकटवला. ही जागा मी विचार करून निवडली. ह्या लोकांच्या लेखी वायपर इंजिनाच्या नात्यातला नाही, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. रेकॉर्डिंग करताना मला थोडी सर्दी होती, त्यामुळे टक् टक् च्या मधे एकदा थुंकी गिळल्याचा आवाज आला होता आणि शेवटी बारीक खोकला. परत करायचा कंटाळा आला. म्हटलं, चालतंय.

माझा बेत पाच मिनिटांचा होता. हे मी आईची शपथ घेऊन सांगतो, आणि आईचीच घ्यायला पाहिजे, कारण त्या रविवारी पणाला लागलं होतं ते तिचंच.

आई घरी केक करते. आजवर बिल्डिंगमधल्या पोरांचे वाढदिवस, एवढीच तिची धाव. पहिल्यांदाच तिला लग्नाच्या केकचं काम मिळालं होतं. तीन मजली, पांढराशुभ्र, वरच्या मजल्याला साखरेचा कठडा. आमच्या घराला नाही एवढा चांगला कठडा. चार वाजता तो हॉलवर पोचायला हवा होता. स्कूटरवरून जाणं शक्य नव्हतं. दुसऱ्याच्या गाडीला आई तयार होती, पण बाबा म्हणाले, राणी असताना दुसरी गाडी म्हणजे राणीचा अपमान. तेव्हा आईने शांतपणे सांगितलं होतं, "अहो, ही आज रुसली तर उद्या भंगारवाला हिला घेऊन जाईल, आणि गॅरेजमध्ये माझा मोठा ओव्हन येईल." बाबांनी बॉनेटवर हात ठेवून शब्द दिला.

सकाळी तिघं जमले. बाबांनी राणी चालू केली. मी पायरीवर बसून खिशातल्या मोबाइलचं बटण दाबलं.

टक् टक् टक् टक्.

बाबांची मान अशी वळली, जसं कोणी त्यांना नावाने हाक मारली. इंजिन बंद केलं, मी आवाज बंद केला. चालू केलं, मी चालू केला. काय मजा आली म्हणून सांगू. डॉक्टर म्हणाले टॅपेट सैल झालंय. पिटस्टॉप म्हणाले टॅपेटचा आवाज कोरडा असतो, हा ओला आहे, बेअरिंग गेलंय. (ओला तर असणारच, जिभेचा होता.) बाबांनी लांब पेचकस घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. तेवढ्यात रेकॉर्डिंगमधला गिळल्याचा आवाज आला. बाबांनी डोळे उघडले. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "घोट घेतंय. पेट्रोल जास्त ओढतंय."

मला हसू आवरेना. आता एकदा सगळं दाखवून टाकावं, असं मनात आलं, तेवढ्यात आई बाहेर आली. तिच्या मोबाइलची बॅटरी संपली होती आणि केकचा फोटो काढायचा होता. तिने माझ्या खिशातला मोबाइल काढून घेतला, आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. धूळ बसायला नको म्हणून. जाताना सांगून गेली, की केक गाडीत जाईपर्यंत हे दार कोणी वाजवलं तर त्याची तंगडी जागेवर राहणार नाही.

आवाज चालूच होता. रेकॉर्डिंग मी परत परत वाजत राहील असं लावून ठेवलं होतं. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यात एकच भिंत, ब्लूटूथ आरपार. स्पीकर उपटावा, तर तिघांची डोकी बॉनेटखाली.

बाबांनी इंजिन बंद केलं. टक् टक् टक् टक्.

मी म्हटलं, संपलं. बंद इंजिन वाजतंय म्हटल्यावर पाचवीतलं पोरगं पण ओळखेल. पण माझा अंदाज चुकला, कारण पाचवीतल्या पोराला इंजिनातलं काही कळत नसतं. ह्यांना कळतं. डॉक्टर पुढे झाले, कान लावला आणि म्हणाले की जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत असं होतं, चावी काढली तरी आतल्या आत गरमीने पेट घेत राहतं. बाबा म्हणाले, बरोबर, मी वाचलंय. पिटस्टॉपनी पंखा हलत नसल्याची शंका काढली, तर दोघांनी मिळून त्यांना गप्प केलं. मग बॅटरीची वायर काढली. टक् टक् टक्. बाबा म्हणाले, वायरमध्ये करंट साठून राहतो. (हे वीज कंपनीचा माणूस बोलला.) खोकला आला की तिघं एकदम 'मिसफायर' म्हणायचे आणि एकमेकांकडे बघून मान हलवायचे. इतके खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते.

जमिनीवर जुनी चादर अंथरली गेली. आधी एअर फिल्टर आला, मग कार्बोरेटर, मग प्लग. डॉक्टर प्रत्येक प्लग उजेडात धरून बघायचे आणि कीड लागलीय म्हणायचे. हॉर्न मधे येत होता, तो त्यांनी अक्कलदाढ काढावी तसा हिसडा देऊन काढला. शेवटी इंजिनाच्या माथ्यावरचं टॅपेटचं झाकण उघडलं. राणीचं डोकं उघडं पडलं आणि तरी ती टक् टक् करत होती.

मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा बाबा म्हणाले, "पाना दे." दुसऱ्यांदा म्हणाले, "मोठा." तो मोठा पाना त्यांच्या हातात बघितल्यावर मला तिसऱ्यांदा तोंड उघडायची घाई वाटेना.

मग दार उघडलं. आई आली, चांगले कपडे घालून, केस नीट बांधून. तीन वाजत आले होते. तिने चादरीकडे बघितलं. चादरीवर राणी, सुटी सुटी. तिघांच्या हाताला कोपरापर्यंत ग्रीस, आणि बाबांच्या चेहऱ्यावर असं हसू, की जणू सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रंगाच्या डब्यावर बसली. म्हणाली, "लोक वाट बघत असतील हो." आणि पदराने उगाचच हात पुसायला लागली. हात स्वच्छ होते.

पाना गेला खड्ड्यात, आता सांगायचंच, म्हणून मी उभा राहिलो. तोंड उघडलं. आणि माझ्या आधी बॉनेटखालून खोकला आला.

आईचा हात थांबला. तिने मान तिरकी केली. परत टक् टक्, परत घोट, परत खोकला.

"अहो," आई म्हणाली, "हा खोकला आपल्या ठोंब्याचा आहे."

बाबा म्हणाले, "इंजिनात?"

"आठवडाभर गुळण्या कर म्हणून मागे लागलेय मी. मला माझ्या पोराचा खोकला कळत नाही?" ती उठली, चार सुट्या भागांवरून पाय टाकून पुढे गेली, आवाजाच्या मागावर बॉनेटखाली हात घातला आणि वायपरच्या मागून स्पीकर काढून बाबांच्या तळहातावर ठेवला. तो तिथेही खोकला.

तिघांचे ते शेवटचे उरलेले सहा कान लाल झाले. डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "घोट घेतंय, हे मी ओळखलं होतं."

बाबा माझ्याकडे निघाले. आई मधे आली. म्हणाली, मार नंतर, आधी जोडा. मग पिटस्टॉपच्या गळ्यातलं स्टॉपवॉच काढून तिने स्वतःच्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, "भावजी, रोज टीव्हीवरच्यांना नावं ठेवता ना? घ्या."

पुढचं मी शब्दात कसं सांगू. पिटस्टॉप नट धरायचे, डॉक्टर आवळायचे, बाबा ओरडायचे, मी गाडीखाली. बारीक हात पोचतील तिथे सगळीकडे माझे हात. शिव्या पण चालू होत्या आणि हसणं पण. मधेच बाबा मला म्हणाले, "तो आवाज परत काढून दाखव." मी काढला. ते म्हणाले, "नालायक." पण ते 'वा' म्हणावं तसं म्हणाले.

चावी फिरवली आणि राणी पहिल्या झटक्यात उठली. अशी गुळगुळीत, की बाबांनी लगेच जाहीर केलं, नाहीतरी सर्व्हिसिंग करायचंच होतं. चादरीवर एक नट उरला. तो पिटस्टॉपनी पायाने कपाटाखाली सरकवला. आणि हॉर्न वाजेना. अक्कलदाढेसोबत वायर पण तुटून आली होती.

आता मागे तीन मजली केक, त्याला दोन्ही बाजूंनी डॉक्टर आणि पिटस्टॉप धरून बसलेले, पुढे स्टिअरिंगवर बाबा आणि शेजारी आई, चार वाजत आलेले, आणि अचानक ब्रेक मारायला सक्त मनाई. हॉर्नशिवाय जायचं कसं? आईने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुला आवाज काढायची हौस आहे ना?"

मला पुढे आईच्या शेजारी खिडकीशी कोंबलं. मुंडकं बाहेर. आयुष्यभर रेस बघितलेला माणूस त्या दिवशी इतका हळू चालवत होता की एक आजोबा काठी टेकत आमच्या पुढे गेले, आणि मी त्यांना बघून 'पीप' म्हटलं तर त्यांनी काठी उगारली. प्रत्येक खड्ड्याला मागून दोघं "मजला, मजला" करायचे. बाबा पुढे बघत सूचना द्यायचे. छोटा दे. लांब दे. बसला दे, बस ऐकत नसते, पोटातून दे.

साखरेच्या कठड्याचा एक दाणा न हलता आम्ही हॉलच्या फाटकाशी पोचलो. आई हसत होती. दिवसभरात पहिल्यांदा.

फाटकात एक मुलगी पाठमोरी उभी होती, मोबाइलवर बोलत. बाबा म्हणाले, "दे." मी छाती भरून घेतली, आणि तेवढ्यात ती वळली. ती आमच्या वर्गातली होती. मागच्या नववीत पहिल्या बाकावर असायची, आता दहावीत गेलीय. तिच्याशी बोलायचं म्हणून पहिलं वाक्य मी वर्षभर तयार करतोय, रात्री उशीत तोंड घालून सराव करतोय. पण छातीत हवा भरलेली होती, आणि एकदा भरली की ती ठेवता येत नाही.

मी म्हणालो, "पीईईईप."

ती बाजूला झाली.

बाबा आरशात बघून म्हणाले, "ऐकलंत? ह्याच्या आवाजात मिसफायर आहे."