विठ्ठलरावांचे सत्तावीस

याही वेळी अगदी पद्धतशीर वागायचं, असं जयवंतराव तावड्यांनी सोमवारी सकाळी दात घासताना ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं. (दात घासताना घेतलेला निर्णय कधी पाळू नये. तोंडात फेस असताना माणसाला स्वतःशीसुद्धा नीट बोलता येत नाही.)

खरं तर प्रकरण साधं होतं. जयवंतरावांचे वडील विठ्ठलराव वालीवच्या ‘दर्यासार फूड्स’मध्ये तीस वर्षं स्टोअरकीपर होते. सुकी मासळी पाकिटात भरून विकायची, हा कंपनीचा एकुलता एक धंदा. निवृत्तीच्या वेळी कंपनीने त्यांना सहाशे शेअर दिले. सहा वर्षांपूर्वी ते वारले, तेव्हा जयवंतरावांना कळलं की नॉमिनी म्हणून त्यांनी मुलाचं नाही, सुनेचं नाव घातलंय. (या विषयावर जयवंतराव फारसे बोलत नाहीत. आपणही नको बोलूया.) आता एका बड्या कंपनीने दर्यासार विकत घ्यायचं ठरवलं होतं आणि शेअरमागे पाचशे चाळीस रुपये देऊ केले होते. मुदत शुक्रवारी दुपारी साडेतीनपर्यंत.

विनयाला ते पैसे हवे होते. बारा वर्षं ती फुलपाड्याच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मसाले करून विकत होती. हॉलमध्ये मिरच्या, बेडरूममध्ये धने, आणि शिंका घरभर. समोरच्या बिल्डिंगखाली एक गाळा रिकामा झाला होता. डिपॉझिट तीन लाख, शनिवारी सकाळी द्यायचं; नाही दिलं तर गाळा मोबाईल रिपेअरवाल्याला जाणार. त्या गाळ्याच्या बंद शटरकडे ती गॅलरीतून ज्या नजरेने बघायची, त्या नजरेने तिने लग्नाच्या वेळीही जयवंतरावांकडे बघितलं नव्हतं.

“अहो, देऊन टाकूया ना,” ती म्हणाली. “नावावर माझ्या असले तरी बाबांची आठवण आहे. तुम्ही हो म्हणा म्हणजे झालं.”

“हो म्हणायला काय जातंय? पण पाचशे चाळीस ही योग्य किंमत आहे का, ते आधी बघायला नको?”

“किती वेळ लागेल बघायला?”

“पद्धतशीर बघायचं तर लागेल थोडा,” जयवंतराव म्हणाले आणि विनयाने एक लांब श्वास घेतला. त्यांची पद्धत तिने पंचवीस वर्षं पाहिली होती. मिक्सर घ्यायचा तर ते सात दुकानांचा तक्ता करायचे आणि तोवर दिवाळी ऑफर संपलेली असायची.

या वेळची पद्धत त्यांना मेलरॉयने शिकवली. जयवंतराव वालीवलाच पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात हिशेबनीस आणि मेलरॉय त्यांच्या समोरच्या टेबलावर. “एका वर्षाच्या नफ्यावर जाऊ नको, जयवंत,” डब्यातला पाव मोडत मेलरॉय म्हणाला. “एखादं वर्ष चांगलं जातं, एखादं पडतं. दहा वर्षांचा शेअरमागचा नफा घे. प्रत्येक वर्षाचा आकडा महागाई धरून आजच्या पैशात आण. मग सरासरी काढ आणि शेअरच्या किमतीला त्या सरासरीने भाग. पंधराच्या खाली आला तर शेअर स्वस्त, विकू नको. पंचविसाच्या वर गेला तर महाग, डोळे मिटून वीक.”

“आणि महागाई किती धरायची?”

“सरकार आकडा देतं ना दर वर्षी.”

जयवंतराव हसले. सरकारच्या आकड्यावर विश्वास ठेवायला ते काय कालचे पोर होते? खरी महागाई बघायची तर बायकोची डायरी बघावी. विनया रोजचा खर्च लिहायची, गेली वीस वर्षं. त्यातही वाण्याची बिलं गोळाबेरीज होती, भाजी रोज बदलायची. पण एक नोंद दर वर्षी दसऱ्यानंतर नेमाने, किनाऱ्यावरच्या त्याच कोळणीकडून, तेवढ्याच मालाची केलेली असायची. सुके बोंबील, बायजाकडून, पाचूबंदर, दोन किलो. तोच भाव जयवंतरावांनी धरला. (एवढा स्वतंत्र विचार त्यांनी आयुष्यात कधी केला नव्हता, आणि पुढे करूही नये.)

मंगळवारी ऑफिसातून आल्यावर ते डायनिंग टेबलावर डायरी, कंपनीचे अहवाल आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले. दहा वर्षांपूर्वी शेअरमागे नफा बारा रुपये, बोंबील तीनशे साठ. आज बोंबील आठशे दहा. बारा गुणिले आठशे दहा, भागिले तीनशे साठ. उत्तर आलं सत्तावीस.

पुढचं वर्ष. सत्तावीस.

त्याच्या पुढचं. सव्वीस पूर्णांक नऊ, म्हणजे रुपयात सत्तावीसच.

चौथ्या सत्ताविसाला त्यांनी कॅल्क्युलेटरचा सेल बदलला. पाचव्याला लेकीचा मोबाईल मागितला. आठव्याला त्यांच्या लक्षात आलं की डोक्यावरचा पंखा चालू असूनही मानेवरून घाम ओघळतोय. कंपनीने मधल्या काळात मॅनेजर बदलले, मशिनं बदलली, एकदा तर गोदामात पाणी शिरलं होतं. तरी कोणीतरी दर वर्षी मोजून तेवढेच सत्तावीस रुपये तिथे ठेवून जात होतं.

“पप्पा, हे क्रीपी आहे हां,” क्षितिजा खांद्यावरून वाकून म्हणाली. “सगळं सेम कसं काय?”

“सरळ धंदा असेल,” जयवंतराव म्हणाले. पण आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

अहवालांच्या गठ्ठ्यातून काहीतरी खाली घरंगळलं. ते उचलायला वाकले. विठ्ठलरावांचं कंपनीचं ओळखपत्र होतं, कडा पिवळ्या पडलेलं. फोटोत ते कॅमेऱ्याकडे न बघता थोडं डावीकडे बघत होते, आता नेमके जयवंतराव बसले होते त्या बाजूला. खाली लिहिलं होतं, कर्मचारी क्रमांक सत्तावीस.

जयवंतरावांची पाचावर धारण बसली. ओळखपत्र त्यांनी अहवालात घातलं आणि अहवालावर वरवंटा ठेवला.

बुधवारी वास जाणवायला लागला. सुक्या बोंबलाचा, घट्ट, खारट वास. विठ्ठलराव कामावरून आले की त्यांच्या शर्टाला यायचा तसाच. लहानपणी जयवंतराव त्या वासावरून ओळखायचे की बाबा जिन्यात आहेत. ते स्वयंपाकघरात गेले. गॅसवर वरण होतं. पुन्हा टेबलाशी आले, आकडे पुढे ओढले, की वास यायचा. उठले की जायचा. गुरुवारी विनयाचा उपास, घरात अंडंसुद्धा नाही, आणि भर दुपारी दोन वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, वास असा आला की कोणीतरी बाजूची खुर्ची ओढून बसलंय. जयवंतरावांनी रजा टाकली होती. घरात ते एकटेच होते. बाजूच्या खुर्चीकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं, “बाबा, विकू की नको?”

वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली आणि जयवंतराव खुर्चीतून वीतभर उडाले.

सगळ्यात भयंकर म्हणजे विनया विचारायची थांबली होती. सोमवारी तिने चारदा विचारलं होतं, “झाला का निर्णय?” मंगळवारी सकाळी दोनदा. त्यानंतर एक अक्षर नाही. चहा आणून ठेवायची, आकड्यांकडे बघायची, गालात हसायची आणि निघून जायची. पंचवीस वर्षांच्या संसारात ही बाई एखाद्या विषयावर तीन दिवस गप्प बसली नव्हती. हिलाही काहीतरी दिसतंय, या कल्पनेने जयवंतरावांना भरून आलं आणि भीतीही वाटली.

बरं, सरासरी सत्तावीस धरून पाचशे चाळीसला भागावं तर उत्तर येत होतं वीस. स्वस्त नाही, महागही नाही, बरोब्बर मधे. जिवंतपणीही विठ्ठलरावांनी त्यांना कधी सरळ उत्तर दिलं नव्हतं.

राहिलं होतं एकच वर्ष, लॉकडाऊनचं. त्या वर्षी विनयाची बोंबलाची नोंदच नव्हती. शेअरमागे नफा साडेवीस रुपये. जयवंतरावांनी शुक्रवारी सकाळी उलटं गणित केलं. सत्तावीस यायचे असतील तर त्या वर्षी बोंबील सहाशे पंधराच असायला हवा. हा आकडा त्यांनी चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि स्कूटर काढली. भाव दुसरा निघाला तर सगळा योगायोग. सहाशे पंधराच निघाला तर बाबा बोलतायत, आणि मग काय म्हणतायत ते कळेपर्यंत शेअर विकायचे नाहीत, गाळा गेला तरी चालेल. विनयाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, पण स्कूटर त्यांनी वळवली नाही.

पाचूबंदरला पोचले तेव्हा दोन वाजले होते. वारा पार पडलेला. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले, दूरवर ओळींमागून ओळी. हजारो तोंडं उघडी आणि आवाज कुठेच नाही. त्या ओळींमधून चालताना जयवंतरावांना वाटलं, ही सगळी आपलं नाव घ्यायला थांबलीत. टोकाला बायजा सावलीत बसली होती, डोळे मिटून.

जयवंतरावांनी तोंड उघडायच्या आत ती डोळे न उघडताच म्हणाली, “सहाशे पंदरा.”

शेजारच्या रिकाम्या टोपलीवर जयवंतराव मटकन बसले.

“तु-तुम्हाला कसं कळलं?”

“वैनींचा फोन आल्ता सकाली. म्हंगल्या, आमचे सायेब येतील, लॉकडाऊनचा भाव विचारतील, सांगून टाका, उन्हात लय वेल उभा नका ठेवू.” बायजाने डोळे उघडले. “पन भाव कशाला पायजेल तवाचा?”

घाम पुसत जयवंतरावांनी सगळं सांगितलं. नफा, महागाई, सत्तावीस, वरवंटा, सगळं. बायजा ऐकत होती. मग तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले.

“आवो सायेब, दर्यासारला माल कोन देतो? आमीच ना! ती कंपनी दुसरं काय इकते? बोंबील! आमच्या भावावर ठरलेला टक्का चढवते आनि इकते. आमचा भाव वाढला का त्यांचा नफा वाढला, तेवढ्याला तेवढाच. तुमी त्यांच्या बोंबलाला माज्या बोंबलानं भागलंव. दुसरं काय येनार?”

जयवंतरावांनी समोरच्या उघड्या तोंडांकडे पाहिलं. आता ती सगळी हसत होती.

“आणि तो वास?” त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. “टेबलाशी बसलं की येतो.”

“वैनी डायरी कुटं ठेवतात?”

जयवंतरावांनी आठवून बघितलं. डायरी स्वयंपाकघरातल्या फळीवर असायची, सुक्या बोंबलाच्या डब्यावर. वीस वर्षं.

मग त्यांनी घड्याळ बघितलं. तीनला पाच कमी. आता त्यांना भूत-बित काही आठवेना, फक्त ते बंद शटर आठवलं आणि त्याच्याकडे बघणारी विनया. तिने बारा वर्षं वाट पाहिली होती आणि आपण तिचा गाळा बोंबलाने भागत बसलो. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. फोन काढला, तर बॅटरी संपलेली. बायजाच्या फोनवर विनयाचा नंबर लागेना. मग स्कूटर त्यांनी अशी हाणली की रस्त्यातले खड्डेसुद्धा बाजूला झाले असतील.

घरात शिरले तेव्हा चार वाजून गेले होते. विनया टेबलाशी बसून कागदावर काहीतरी काढत होती.

“विनया, माफ कर मला,” ते दारातूनच म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. “वेळ गेली. तुझा गाळा घालवला मी.”

“कोणी घालवला? मंगळवारीच दिले मी शेअर. दुपारी मोबाईलवरून. डिपॉझिटचंही मालकाशी बोलून झालंय.” तिने कागद वळवला. त्यावर फळ्यांचं माप काढलेलं होतं. “मिरची डावीकडे ठेवू की उजवीकडे?”

जयवंतराव खुर्चीत बसले. आधी सुटल्यासारखं वाटलं, मग सावकाश राग आला. “मला न विचारता? मी इथे चार दिवस बाबांच्या इशाऱ्याची वाट बघतोय!”

“मला तो त्यांनी सहा वर्षांपूर्वीच दिला होता,” विनया म्हणाली. “नॉमिनीच्या कागदावर सही केली ना, तेव्हा मला बोलावून म्हणाले, ‘सूनबाई, कंपनी घ्यायला कोणी आलं की शेअर देऊन मोकळी हो. जयवंतला विचारू नकोस, तो हिशेब करत बसेल.’”

जयवंतरावांनी समोरचा कॅल्क्युलेटर बाजूला सरकवला. “मग मंगळवारीच का नाही सांगितलंस?”

“सांगणार होते,” विनया म्हणाली. “पण बाबा पुढे असंही म्हणाले होते, ‘करत बसला तर बसू दे हो. तेवढाच वेळ तो गप्प असतो.’”