कोऱ्या पाण्यातलं पोटॅशियम

निब्या एचेगोयेनचा नवऱ्यापेक्षा यंत्रावर जास्त विश्वास होता. उरुग्वेतल्या पायसांदू गावच्या छोट्या प्रयोगशाळेत ती नदीचं पाणी यंत्रात सोडायची. मग त्यात विरघळलेलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम वेगवेगळं होऊन प्रत्येकाचा एक उंचवटा कागदावर उमटायचा.

"नदीत कुणी मिठाचा खडा टाकला ना, तरी मला कळेल!" ती सगळ्यांना ऐकवायची.

सोमवारी राजधानी मोंतेविदेओहून एक तपासणीस येणार होता. त्याचा शेरा वाईट आला तर यंत्र मोंतेविदेओला जाणार आणि निब्या रिकाम्या टेबलाची प्रमुख होणार.

शुक्रवारी तिने यंत्रात कोरं पाणी सोडलं. म्हणजे इतकं शुद्ध, की त्यात काही म्हणजे काही नसतं. यंत्राने पोटॅशियमचा डोंगर काढला!

"बाटली नीट धुतली नसेल, बाई," तिचा जुना सहकारी वाल्देमार म्हणाला.

बाटल्या धुतल्या. डोंगर वाढला! सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आता अशा वेळी उरुग्वेचा माणूस दुसरं काय करणार? वाल्देमारने काखेतला थर्मास काढला, तुंब्यात 'माते' या तिथल्या कडू चहाचा पाला बोटांनी दाबून भरला, वर गरम पाणी ओतलं आणि सगळ्यांनी आळीपाळीने तो कडू घोट ओढला. मग त्याच हातांनी पुन्हा बाटल्या धुतल्या. डोंगर कागदाबाहेर गेला.

निब्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. हिरवी! आणि मातेच्या पाल्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं.

"आजपासून इथे माते बंद!"

"बाई, घरी कुणी वारलं का हो?" वाल्देमारने हळूच विचारलं. "पगार कापा, पण हे नको!"

शनिवार-रविवार सगळ्यांनी प्रयोगशाळा घासली. मातेविना डोकी ठणकत होती, कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. पण सोमवारी सकाळी कोऱ्या पाण्यात पोटॅशियम शून्य!

तपासणीस लारोसासाहेब आले, तेही काखेत थर्मास आणि हातात मातेचा तुंबा घेऊन. ते बाहेर ठेवा म्हणायला निब्याची जीभ रेटेना. साहेबांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"शून्य?"

"शून्य!" निब्या फुलून म्हणाली.

"अख्खा देश फिरलोय मी, बाई. थोडं पोटॅशियम सगळीकडे निघतंच. शून्य फक्त घरी बसून लिहिलेल्या आकड्यांत असतं!"

"साहेब, शपथ घेते..."

"शपथ नको. सरका, मीच करतो."

आपल्या तुंब्यातला पाला बोटांनी नीट दाबून साहेबांनी त्याच बोटांनी कोऱ्या पाण्याची बाटली भरली आणि यंत्राला लावली. निब्याने डोळे मिटून घेतले. कागदावर पोटॅशियमची टुमदार टेकडी उमटली.

"हां! आता कसं!" साहेब खूश झाले. "अगदी आमच्या मोंतेविदेओसारखं!"

त्यांनी शेरा लिहिला: 'यंत्र उत्तम, इथेच ठेवावे. आधीचा शून्य निकाल ही प्रयोगशाळा-प्रमुखांच्या हातून झालेली चूक.'

निब्याने खाली निमूटपणे सही केली.