सगळ्यांचं कार्ड

"आजपासून युजर स्टोरी सगळ्यांनी मिळून लिहायच्या!" सॉफ्टवेअर टीमच्या मॅडमनी ऐटीत जाहीर केलं. गिऱ्हाइकाला काय हवं, ते त्याच्याच तोंडच्या, 'अमुक म्हणून मला तमुक हवं' अशा एका वाक्यात कार्डावर मांडायचं, हे काम आजवर एकट्या त्याच करत. टीम नुसती नाकं मुरडायची. "आणि कार्डावर नाव घालायचं नाही. जबाबदारी सगळ्यांची!"

ॲप होतं घराचे दिवे-दारं फोनवरून चालवणारं. बुधवारी साहेब, म्हणजे गिऱ्हाईक, बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं नाही तर टीम मोडणार, असं मॅडमना वरून बजावलं होतं.

सोमवारी फळ्यावर एक कार्ड दिसलं : 'घरात नसलेली बाई म्हणून मला घरात असायचं आहे.'

मॅडमनी ते उपटून हातात घेतलं. त्यांनी टेस्टरला गाठलं. त्याला सगळे शंकासुर म्हणत.

"हे भलतंच काय रे?"

"भलतं कसलं? बंद घरात कुणीतरी आहे असं चोराला वाटावं. प्रोग्रामरचं डोकं!"

"माझं?" प्रोग्रामर चमकला. "मला वाटलं, तुझं! मी दिवे बसवले पण!"

"मी पावलांचे आवाज घातले," डिझाइनर म्हणाली. "पण मग बोलणं कुणी घातलं?"

"बोलणं?" मॅडमनी विचारलं.

प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. मग, जबाबदारी सगळ्यांची असल्यामुळे, सगळेच जेवायला गेले.

बुधवारी नमुन्यादाखल सजवलेल्या रिकाम्या घरात साहेब शिरले. दिवा लागला. आतल्या खोलीत पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली.

"आले हं! बसा ना!"

आवाज हुबेहूब मॅडमचा! आणि मॅडम साहेबांच्या शेजारी, तोंड घट्ट मिटून उभ्या!

"बाप रे! चोर काय, मीच पळालो असतो!" साहेब खूश झाले. "पसंत! कुणाची कल्पना?"

टीम बुटांकडे बघू लागली. आता गप्प बसलं तर हातचं काम जाईल, म्हणून मॅडम पुढे झाल्या. "माझी. कार्ड मीच लिहिलं."

दाराआडून मॅडमच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "अगं, किती खोटं बोलशील!"

साहेबांनी टाळ्याच पिटल्या. "हेही कार्डात होतं?"

"हो हो! सगळ्यांनी मिळून लिहिलंय!" टीम ओरडली आणि मॅडमसकट जिन्याकडे सुटली.

धावता धावता मॅडमना मागून भांड्याचा आवाज आला. पाठोपाठ स्वतःचाच.

"चहा टाकू?"

"टाका," साहेब ऐसपैस बसत म्हणाले. "साखर कमी!"