हवा जाती का?

रंगनाथकाकांनी पहिल्याच भेटीत माझं पेन मागितलं. सही करायची असेल, म्हणून दिलं. त्यांनी शाई अंगणात ओतली, पेनाचं बूड दगडी पायरीवर घासघासून उडवलं आणि नळी तोंडाला लावून फुंकली.

“हवा जाती, मास्तर. जपा,” म्हणून परत दिलं.

काका पिशोरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पेन्शनीत निघाले आणि औरंगाबादेत आमच्या शेजारी राहू लागले. घसा बंद पडला तर खाली छेद देऊन नळी घालायची, माणूस वाचतो, हे त्यांना एका डॉक्टरांनी शिकवलेलं. तेव्हापासून त्यांना जगात दोनच गोष्टी दिसत: घसे आणि नळ्या. हिमरू कापडाच्या मागावरच्या पोकळ कांड्या, पपईचे देठ, खुलताबादहून आणलेली हुक्क्याची नळी, सगळं फुंकून पाहायचे. हॉटेलात किटलीची तोटीही सोडली नाही. मालक म्हणाला, “चचा, चाय पियो, केतली मत पियो.”

पंगतीत ते कधी बसले नाहीत. मागून येरझारा घालायचे. कुणाला उचकी लागली, की यांचा हात खिशात.

एका लग्नात पाहुण्याच्या घशात खरंच लाडू अडकला. माणूस निळा पडला. काका नळी घेऊन धावले आणि समोर नुसते उभे राहिले. कुणीतरी पाठीत दणके घातले, लाडू बाहेर पडला. लोक काकांना हसले. ते चपला न घालताच निघाले, म्हणून मी घरापर्यंत सोबत गेलो.

वाटेत विचारलं, “काका, नळ्या एवढ्या. सुरी कुठंय?”

त्यांनी हातातली नळी खिशात घातली आणि ते सांगू लागले. पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली त्यांच्या पोरीला घटसर्प झाला होता. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्याकडं निघालेली बैलगाडी वेरूळच्या अलीकडंच होती, तेव्हा तिचा श्वास कोंडला.

“सुरी व्हती, मास्तर. पेनबी व्हतं खिशात. हात उचलला नाय. बायकोला म्हणलं, नळी नव्हती.”

आम्ही त्यांच्या दारापाशी आलो.

“दुसऱ्याच दिवशी बायकोनं पपईचा देठ आणून दिला. म्हणली, पुन्हा कुणाचं लेकरू नळीवाचून जाऊ नये. जल्मभर गोळा करीत राह्यली. ती गेली. आता मी कसा थांबू?”

गेल्या महिन्यात काकाही गेले.

हे मी पेन्सिलीनं लिहितो आहे. पेन खिशात आहे. सकाळीच फुंकून पाहिलं.