रिंग खातं विरुद्ध ऑस्ट्रेलिया

अप्पा तावड्यांच्या टीममधले चार खेळाडू वारले आहेत, तिघे कायमचे गावी गेले आहेत आणि विकेटकीपरला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तरीही ही टीम दर रविवारी सकाळी नऊ वाजता ऑस्ट्रेलियाशी खेळते आणि बहुधा जिंकते.

सामना होतो आमच्या लालबागच्या चाळीत, मंडळाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. क्रिकेटचा तो गेम सगळ्या मुंबईतली पोरं खेळतात. हौशी लोक त्यात आपल्या डोक्याने नव्या टीमा, नवे कपडे घालतात. त्याला पॅच म्हणतात. असा एक पॅच अप्पांना फुटपाथवरच्या सीडीत मिळाला. त्यातली नावांची फाइल उघडून बदलता येते, हे कळल्यावर साठी उलटलेल्या या माणसाने एका बोटाने टाइप करत झिम्बाब्वेचा अख्खा संघ बाहेर काढला आणि तिथे आपल्या बंद पडलेल्या गिरणीचं रिंग खातं, म्हणजे सूतकताई विभागाची टीम, बसवलं.

अप्पा रिंग खात्यात सुताचे तुटलेले धागे सांधायचे. त्यामुळे फाइलमध्ये एखादा स्वल्पविराम राहून गेम बंद पडला, तरी ते घाबरत नाहीत. "कुठेतरी धागा तुटलाय, शोधूया," म्हणतात आणि पडद्यावरची ओळ न ओळ बोटाने चाचपतात. पडदा कायम तेलकट.

त्याच कॉम्प्युटरवर मला माझी आंदोलनाची पत्रकं टाइप करायची असतात. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाळण्यात होते. बाबा गेटवर पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पुढे बाराखडी गिरवली. आज गिरणीच्या जमिनीवर टॉवर उठतोय आणि अप्पा ऑस्ट्रेलियाला फिरकी टाकतायत, याने माझं डोकं फिरायचं.

"अप्पा, तिकडे गिरणीची चिमणी पाडतायत आणि तुम्ही गेम खेळताय?"

"एवढी ओव्हर होऊ दे गो, पत्रकवाली. कोतकर बॉलिंगला आलाय."

कोतकर चार वर्षांपूर्वी वारले.

गेममध्ये प्रत्येक खेळाडूला शंभरपैकी गुण द्यावे लागतात. त्यात अप्पा कुणाची भीड ठेवत नाहीत. टीममधले गुरव कणकवलीहून आले, ते पिशवी खाली ठेवण्याआधीच भांडायला लागले.

"बॅटिंग चाळीस? तावड्या, लाज नाय वाटत तुला?"

"डोळे मिटून लेगला मारायचास तू."

"सिक्स मारून कॅन्टीनची काच फोडलेली, विसरलास?"

"कॅन्टीन ऑफला होतं!"

शेवटी बेचाळीसवर तडजोड झाली.

पण त्यांचा खरा नियम वेगळा. गिरणी चालू असताना शनिवारी संध्याकाळी कॅप्टन, म्हणजे अप्पा, खोल्याखोल्यांतून फिरायचे. "उद्या आहेस ना?" समोरचा "आहे" म्हणाला की मगच नाव कागदावर. न विचारता नाव लिहायचं नाही. गेममध्ये नावं घालतानाही त्यांनी तेच केलं. गावी पोस्टकार्डं पाठवली. जे वारले, त्यांच्या घरी गेले.

"वहिनी, कोतकर उद्या आहे ना?"

कोतकरकाकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. "आहेत. पण पहिली ओव्हर देऊ नका भावोजी, त्यांचा खांदा आखडायचा."

तेव्हापासून कोतकर दुसऱ्या ओव्हरनंतरच येतात.

अशी दहा नावं झाली. अकराव्या जागी मात्र गेमने आपणहून दिलेलंच नाव राहिलं: खेळाडू ११. हा बिननावाचा गडी ओपनिंगला येतो. त्याची बॅटिंग नव्याण्णव. आणि तो कधीच आउट होत नाही, कारण झालाच तर अप्पा सामना बंद करून पहिल्यापासून सुरू करतात. नो-बॉलवरून हातघाईवर येणारा हा माणूस!

मला याचा उलगडा झाला तो बाबांच्या ट्रंकेत. एक जुनं पत्रक सापडलं. 'संप फोडून कामावर गेलेले फितूर', आणि खाली नावं. रिंग खात्यातून एकच: सावंत. बाबा म्हणाले, "तावड्यांचा जोडीदार. ओपनिंगला दोघेच यायचे."

मी भारावले. वीस वर्षं झाली, तरी फितुराची जागा रिकामी! तडक मंडळाच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'रिंग खात्याच्या टीममध्ये फितुराला आजही जागा नाही. अप्पा तावडे यांना लाल सलाम!'

तासाभरात अप्पा आले. खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी फळा पुसला, दोनदा. मग बंद कॉम्प्युटरसमोर बसून राहिले.

"ती जागा रिकामी नाय गो. राखलीय."

त्यांनी टॉवेलवरचा खडू झटकला.

"संपाच्या सोळाव्या महिन्यात सावंत गेटातून आत कामावर गेला. दुसऱ्या दिवशी गेटवर सगळ्यांसमोर मी त्याच्या हातात बांगड्या ठेवल्या. हिरव्या. त्याने काय केलं म्हायत आहे? नीट रुमालात बांधल्या, फुटू नयेत म्हणून. आणि आठवड्याने बिऱ्हाड उचलून गावी."

"पण ते आत का गेले होते?"

"तेच विचारलं नाय. पत्रकात नाव आलेलं. तुझ्या बापाने छापलं, मी वाटलं."

"मग आता विचारा."

"आणि टीममध्ये यायला नाय म्हणाला तर?" अप्पा म्हणाले. "आता निदान जागा तरी आहे."

मी आजवर किती पत्रकांत किती जणांची नावं छापली, ते मला त्या क्षणी आठवायचं नव्हतं.

सावंतांच्या घराशेजारच्या दुकानाचा नंबर गुरवांकडून मी मिळवला. शनिवारची संध्याकाळ निवडली अप्पांनीच. पीसीओच्या बूथवर ते केस विंचरून आले होते. हातात कागद होता, त्यावर माफीच्या सात-आठ ओळी. दुकानदाराने सावंतांना बोलावून आणलं असावं, कारण अप्पा एकदम ताठ उभे राहिले.

"सावंत? तावडे बोलतोय."

अप्पांनी कागद उघडला, पाहिला, परत दुमडला.

"उद्या आहेस ना?"

मी काचेबाहेर उभी होते. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा. अप्पांचा हात फोनच्या वायरीला वेढे घालत होता.

"ओपनिंगला," ते अखेर म्हणाले. "दुसरं कुठे पाठवणार तुला?"

रविवारी नऊला मी माझं पत्रक बाजूला ठेवून शेजारी बसले. अप्पांनी फाइल उघडली. 'खेळाडू ११' खोडलं आणि एकेक इंग्रजी अक्षर शोधत सावंत लिहिलं. मग पुढचे नव्याण्णवही खोडले आणि टाकले अठ्ठावन्न.

"अप्पा! हे काय?"

"बिननावाच्या माणसाला कितीही द्यावे गो. पण सावंत स्विंगला कच्चा होता. आता तो आहे, तर खरा आकडा नको? गणपतीत येतो म्हणालाय. भांडू दे येऊन."

तिसऱ्याच चेंडूवर सावंत आउट झाले. अप्पांचा हात आता बटणाकडे जाणार म्हणून मी पाहत होते.

"बघ! सांगत नव्हतो?" अप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले आणि सामना तसाच पुढे चालू ठेवला.

बेचाळीसवाले गुरव मैदानात उतरले.